कापला आणि भरवला : केक, वाढदिवस आणि आपली क्रियापदं



भाषेच्या व्याख्यानमालेत ही बाई केकवर काय बोलणार, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला इथून दिसतोय. तर आधीच सांगते, पाककृती सांगणार नाही. माझा प्रश्न क्रियापदाचा आहे. वाढदिवसाला आपण केकचं काय करतो? खातो, हे खरं. पण बोलताना ‘केक खाल्ला’ असं आपण फारसं म्हणत नाही. आपण म्हणतो, “सात वाजता केक कापायचाय, वेळेवर या.” “अजून केक कापला नाही, थांबा की जरा.” “ऑफिसात सगळ्यांनी मिळून माझा केक कापला.” लाडू आपण वळतो, पोळी लाटतो, चकली पाडतो, श्रीखंडावर ताव मारतो. केक तेवढा कापतो. इतका, की ‘केक कापणे’ हा ‘वाढदिवस साजरा करणे’ याचा दुसरा शब्दच होऊन बसला आहे.

या एका क्रियापदाचा हात धरून आज आपल्याला दोन-तीन पिढ्यांतला मराठी घराचा प्रवास बघायचा आहे. केक आला म्हणून संस्कृती बुडाली, असं म्हणणारे लोक आहेत. केक आला म्हणून आपण आधुनिक झालो, असं समजणारेही आहेत. या दोघांनीही केककडे नीट पाहिलेलं नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी शब्द बघू. इंग्रजीत ‘केक’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि तिथे तो गोड पदार्थापुरता कधीच राहिला नाही. थापून, दाबून चपटा केलेला कुठलाही गोळा म्हणजे केक. साबणाचा केक, तेल काढून उरलेल्या चोथ्याचा केक, शेणाचासुद्धा केक. मराठीत काय आहे? साबणाची वडी. शेंगदाण्याची पेंड. शेणाची गोवरी, कोकणात शेणी. बर्फाची लादी, पावाची लादी. प्रत्येक गोळ्याला आपल्याकडे स्वतःचं नाव आणि स्वतःचं घराणं आहे. म्हणजे इंग्रजांबरोबर हा शब्द इथे आला तेव्हा त्याच्या बाकीच्या सगळ्या नोकऱ्या आधीच भरलेल्या होत्या. मराठीने त्याला एकच खुर्ची दिली, समारंभाची. तो केक, पुल्लिंगी, वर मेणबत्ती, शेजारी सुरी.

आता इंग्रजीतल्या केकच्या म्हणी बघा. सोपं काम म्हणजे केकचा तुकडा. झपाट्याने खपणारी वस्तू म्हणजे गरम केक. आधीच चांगलं असलेलं आणखी चांगलं झालं की केकवरचं आयसिंग. आपल्या वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून हल्ली याची शब्दशः भाषांतरं वाचायला मिळतात. ‘पुरस्कार मिळाला ही तर केकवरची चेरी’. ‘घरांची विक्री हॉट केकसारखी’. वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. कारण त्या जागी ‘दुधात साखर’ बसलेली आहे, ‘हातोहात खपणं’ आहे, ‘हातचा मळ’ आहे. पण मला इथे भाषांतरकारांना झोडपायचं नाही. हे शब्दप्रयोग मराठीत का रुजत नाहीत, ते बघायचं आहे.

म्हण कशावर तयार होते? जे रोज घरात असतं त्यावर. कोणी तुपाशी, कोणी उपाशी. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. आवळा देऊन कोहळा काढायचा. आपलीच पोळी भाजून घ्यायची. दूध, तूप, ताक, पोळी हे चुलीपाशी रोज भेटणारे लोक आहेत. केक वर्षातून एकदा येणारा पाहुणा. पाहुण्याचं कौतुक होतं, पण पाहुण्यावर म्हणी होत नाहीत.

मराठी अग्रलेखांत केक ज्या एका वाक्यात हमखास भेटतो, ते वाक्य फ्रान्सच्या राणीच्या नावावर खपतं. भाकरी नसलेल्या लोकांना तिने म्हणे केक खायला सांगितलं. गंमत अशी, की मूळ फ्रेंचमध्ये केक नाहीच. तिथे ‘ब्रिओश’ आहे, म्हणजे लोणी आणि अंडी घातलेला श्रीमंती पाव. हा किस्सा रूसोच्या आत्मचरित्रात एका अनाम राजकन्येच्या नावावर येतो. मारी आंत्वानेत १७५५ साली जन्मली आणि फ्रान्सला आली १७७० मध्ये. रूसोने ते पान लिहिलं तेव्हा ती परक्या देशातली एक लहान मुलगी होती. पण अग्रलेखाला तपशील नको असतो, त्याला माजलेल्या श्रीमंतीची खूण हवी असते. म्हणजे आपल्या लेखी भाषेत केक अजून राजवाड्यात आहे आणि प्रत्यक्षात तो तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या बेकरीत, काचेच्या कपाटात मांडलेला आहे. लेखी भाषा मागे राहिली. बोलीने मात्र त्याला घरात घेतलं आणि घेताना एक क्रियापद दिलं, कापणे.

आणि इथेच मला पहिल्यांदा अडखळायला झालं. मराठी ही मंगल प्रसंगी अतिशय जपून बोलणारी भाषा आहे. घरातली जुनी माणसं नारळ ‘फोडत’ नाहीत, ‘वाढवतात’. संध्याकाळी दुकान ‘बंद’ करत नाहीत, ‘वाढवतात’. मंगळसूत्र तुटलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली. दिवा विझत नाही, मालवतो किंवा शांत होतो. घरातून निघताना ‘जाते’ म्हटलं तर आजी उंबऱ्यावरून परत बोलवायची आणि ‘येते’ म्हणायला लावायची. जिथे जिथे तुटणं, संपणं, विझणं आहे तिथे तिथे ही भाषा शब्दाला वळसा घालते.

उलट ‘कापणे’ बघा. केसाने गळा कापतात. गर्दीत खिसा कापतात. पगार कापतात. निवडणुकीत पत्ता कापतात. चारचौघांत नाक कापलं जातं. भलेपणाचा एक वाक्प्रचार शोधून दाखवा. फीत कापण्याचा तेवढा मान आहे, आणि तीही साहेबाबरोबरच आलेली. स्वयंपाकघरातसुद्धा आपण भाजी चिरतो, वड्या पाडतो. अख्ख्या कोहळ्यावर बाईने पहिली सुरी चालवायची नाही, असं बऱ्याच घरांत अजून पाळतात, कारण कोहळा कापणं म्हणजे बळी देण्याच्या जवळ जाणारी गोष्ट.

मग ज्या भाषेने नारळाला ‘फोडला’ म्हणू दिलं नाही, तिने पोराच्या वाढदिवसाला, त्याच्या नावाने आणलेल्या, त्याचं नाव वर लिहिलेल्या वस्तूला ‘कापला’ कसं म्हणू दिलं? कोणत्याही आजीने “केक वाढवा रे” असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

याचं उत्तर केक कुठल्या दाराने घरात आला, यात आहे.

१८९० सालचं पुणं आठवा. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली बडी मंडळी गेली. रानडे होते, टिळक होते. समोर चहा आणि बिस्किटं आली. पुढे गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावं जाहीर छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. खाल्लं काय यापेक्षा कोणाच्या हातचं खाल्लं, हा प्रश्न होता. बेकरीतली वस्तू म्हणजे परधर्मीयाने मळलेली, भाजलेली. आपला ‘पाव’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज आहे आणि पाव खाणं म्हणजे बाटणं ही धास्ती कोकणात किती खोल होती, हे आपण जाणतो.

अशा समाजात केक शिरला तो टप्प्याटप्प्याने आणि अटी पाळून. आधी इराण्याच्या दुकानातला मावा केक आला. तो चहाबरोबर, घराबाहेर खायचा. मग सणासुदीच्या आधी मैदा, साखर, डालडा घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यात भरून आणायची. भट्टी त्यांची, जिन्नस आपला. मग तो गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन आला. ज्यांच्याकडे ओव्हन नव्हता त्यांनी कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला वाळू नाहीतर मीठ पसरून केक केला. कुणी रव्याचा केला. अंड्याला जिथे मज्जाव होता तिथे कंडेन्स्ड मिल्क आलं, दही आलं. म्हणजे केकने घरात येण्यासाठी आपलं अंडंसुद्धा दाराबाहेर काढून ठेवलं. इतका समंजस पाहुणा विरळा.

पण एवढं करूनही तो देवघरापर्यंत गेला नाही. नैवेद्याच्या ताटात त्याला जागा मिळाली नाही. तो हॉलमध्ये राहिला, टीपॉयवर, फोटोच्या अंतरावर. आणि जे देवघरात जात नाही त्याच्या बाबतीत भाषा शुभ-अशुभ बघत नाही. केक ‘कापला’ चालतो, कारण तो मंगल मानलेलाच नाही. तो विटाळातून बाहेर आला, पण सोवळ्यात गेला नाही. मधल्या मोकळ्या जागेत उभा राहिला.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. मी मघापासून ‘आपण’ म्हणते आहे, पण हा ‘आपण’ कोण? वसईतली मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं, नगर-जालन्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबं, यांच्या नाताळच्या फराळात करंजी, शंकरपाळी आणि केक एका ताटात नांदतात. गोव्यात रवा आणि नारळाचा ‘बाथ’ आहे, तोही केकच. त्यांच्यासाठी केक हॉलमध्ये अडकलेला नाही, तो सणाचा आहे. तेव्हा ‘मराठी संस्कृतीत केक नव्हता’ हे वाक्य उच्चारताना आपण काही मराठी माणसांना मोजायचं विसरतो, हे लक्षात ठेवू.

आता त्या मोकळ्या जागेत काय झालं ते बघू. केकवरचा सर्वांत लाडका आक्षेप तुम्हाला ठाऊक आहे. दरवर्षी तो कुणीतरी पुढे ढकलतं. आपल्याकडे दिवा लावतात, त्यांच्याकडे विझवतात. आपलं औक्षण, त्यांची फुंकर. आक्षेप देखणा आहे आणि त्यात तथ्यही आहे. औक्षण हा फार सुंदर विधी आहे. ‘औक्ष’ म्हणजे आयुष्य. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. पाटावर बसवायचं, ओवाळायचं, तोंडात साखर किंवा पेढा घालायचा, ‘औक्षवंत हो’ म्हणायचं. ज्याचा वाढदिवस आहे तो स्वतः काहीही करत नाही. तो फक्त बसतो आणि घेतो. दुसऱ्याने तुझ्यासाठी आयुष्य मागायचं, ही कल्पनाच मोठी आहे. केकमध्ये तो स्वतः फुंकतो, स्वतः कापतो, स्वतःसाठी मनात काहीतरी मागतो. बाकीचे टाळ्या वाजवतात आणि इंग्रजीत गाणं म्हणतात. हा फरक मला मान्य आहे.

पण आक्षेप घेणाऱ्यांना मी एक प्रश्न विचारते. ओवाळतं कोण? तबक कोणाच्या हातात असतं? बऱ्याच घरांत उत्तर ठरलेलं आहे, सुवासिनीच्या. घरात पाच बायका असतील आणि त्यातली एक विधवा असेल, तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. कधीकधी ती मुलाची सख्खी आजी असायची. कधीकधी, हे जास्त वाईट, ती त्याची आईच असायची. नऊ महिने जिने पोटात वागवलं तिने त्याला आयुष्य मागायचं नाही, कारण तिच्या मागण्याने म्हणे उलटं होईल.

आणि आता त्या गोड क्रियापदाकडे परत या. बांगडी ‘वाढवली’ का म्हणायचं? कारण ‘बांगड्या फोडणे’ हे शब्द एका प्रसंगासाठी राखून ठेवलेले होते. नवरा गेला की बाईच्या बांगड्या वाढवत नव्हते, फोडतच होते. कुंकू पुसतच होते. तिच्या बाबतीत भाषा वळसा घालत नव्हती. म्हणजे आपल्या भाषेच्या ज्या हळुवारपणाचं आपण कौतुक करतो, त्याची किंमत कुणीतरी मोजत होतं. शुभ शब्द काहींच्या वाट्याला यावेत म्हणून अशुभ शब्द दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर ढकललेले होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे सगळं थांबवायचं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच मार्ग दाखवला. २०२२ मध्ये ठराव करावा लागला, याचाच अर्थ तोवर ते चालू होतं.

केकला यातलं काही ठाऊक नाही. केकच्या सुरीला सुवासिनी लागत नाही. आजी पुढे येते, नातवाच्या हातावर हात ठेवते आणि सुरी चालते. कोणी म्हणत नाही, “तुम्ही नको हं.” घटस्फोट घेतलेली आत्या, लग्न न केलेली मावशी, वरच्या मजल्यावरचे शेजारी, वर्गातला फातिमाचा भाऊ आणि त्याची आई, सगळे एकाच टेबलाभोवती. तबकाभोवती एक रांग होती आणि त्या रांगेत मान होता, म्हणजेच अपमानही होता. टेबल गोल आहे. त्याला वरचं-खालचं टोक नाही.

दुसरं बघा. मूल जन्मलं की आपल्याकडे काय विचारायचे? “पेढे की बर्फी?” मुलगा असेल तर पेढे, मुलगी असेल तर बर्फी, काही भागांत जिलेबी. गोड खायला घालतानासुद्धा भेद. पेढा हातावर ठेवला की पुढचं बोलावंच लागत नव्हतं. केकने हा प्रश्न कधी विचारला नाही. मुलाचाही केक, मुलीचाही केक, एकाच दुकानातला. ‘लेकीचा पहिला वाढदिवस’ असं आमंत्रण छापून हॉल घेणारे आईबाप आज गावोगाव दिसतात. याचं सगळं श्रेय केकला देण्याइतकी मी भाबडी नाही. शिक्षण आहे, छोटी कुटुंबं आहेत, बायांनी केलेली चळवळ आहे. पण नव्या इच्छेला उभं राहायला एक नवी, जुन्या नियमांनी न भरलेली जागा लागते. ती जागा केकने दिली.

आता केकवाल्यांनी फार टाळ्या वाजवू नयेत. कारण जिथे नियम नसतात तिथे फक्त आजीच पुढे येते असं नाही. दांडगटही येतो.

‘तलवारीने केक कापला, गुन्हा दाखल’ ही बातमी तुम्ही किती वेळा वाचली असेल? पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात, लहान गावांतही. चौकात गाडीच्या बॉनेटवर केक, भोवती पंचवीस पोरं, हातात तलवार किंवा कोयता, आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोर मोबाईल. मग पोलीस येतात आणि शस्त्र अधिनियम १९५९ लागतो. हे काय आहे? मघाशी आपण पाहिलं की ‘कापणे’ हे क्रियापद मुळात कशाकशाला चिकटलेलं होतं. गळा, नाक, खिसा. कोहळा. त्याचा जुना अर्थ इथे जागा झाला. केकच्या निमित्ताने चौकातला भाई सांगतो आहे, की कापायला माझ्याकडे काय काय आहे ते बघून ठेवा. सुरीच्या जागी तलवार आली आणि वाढदिवसाची धमकी झाली.

दुसरा प्रकार जरा कमी भयंकर, पण जास्त पसरलेला. केक तोंडाला फासायचा. केसात, कानात, डोळ्यांत. त्यावर फेसाचा फवारा, आणि शेजारी पेटलेली मेणबत्ती. त्या फवाऱ्याने पेट घेऊन चेहरे भाजलेले आहेत. मग पाठीत बुक्क्या, लाथा. मैत्रीच्या नावाखाली एखाद्याला वर्षाचा हिशेब चुकता करता येतो. आणि खाली रस्त्यावर पडलेला अर्धा केक. अन्न पायदळी जाऊ नये, एवढी साधी गोष्ट शिकवायला धर्मशास्त्र लागत नाही.

तिसरा प्रकार वजनाचा. आपल्याकडे केक किलोवर मिळतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? ‘अर्ध्या किलोचा सांगितलाय, पुरेल ना?’ घरगुती वाढदिवसाला हे ठीक. पण नेत्याचा वाढदिवस आला की किलो वाढत जातात. जेवढं मोठं पद, तेवढा जड केक. यामागे आपली एक जुनी ओढ आहे, तुलेची. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. पुढे पुढाऱ्यांच्या तुला झाल्या, नाण्यांच्या, पुस्तकांच्या, पेढ्यांच्या, रक्ताच्याही. पण तुलेत एक हिशेब होता. माणसाच्या वजनाइतकं मोजायचं आणि ते दान करून टाकायचं. पन्नास किलोच्या केकचं वजन कोणाचं असतं? नेत्याचं नाही, फ्लेक्सवर फोटो छापून घेणाऱ्या कार्यकर्त्याच्या ऐपतीचं. तुलेतलं दान गळालं, वजन तेवढं राहिलं.

आणि पेढे-बर्फीचा तो प्रश्न? तोही मागच्या दाराने परत आला आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांतून आता असे केक दिसतात, की बाहेरून पांढरे आणि कापले की आत निळा किंवा गुलाबी. होणारं बाळ मुलगा आहे की मुलगी, ते जाहीर करायला. तिथे तो खेळ आहे. इथे जन्माआधी लिंग सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो का गुन्हा आहे हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. तिकडचे ते फोटो इथल्या नातेवाइकांच्या मोबाईलवर येतात आणि ‘किती गोड’ म्हणून पुढे जातात. केक स्वतः निष्पाप नसतो. आपण त्यात जे भरतो तेच कापल्यावर बाहेर येतं.

मग करायचं काय? केक बंद करून औक्षण सुरू करायचं? ज्या घरात औक्षण चालू आहे तिथे ते चालू राहावं, पण तबक घरातल्या प्रत्येक बाईच्या हातात जावं. पुरुषांच्याही हातात जायला काय हरकत आहे? बऱ्याच घरांत आज आधी औक्षण होतं आणि मग केक. या जोडणीला नाकं मुरडू नका. भाषेत जसे संकर होतात तसे विधीतही होतात.

पण माझी खरी भिस्त दुसऱ्याच गोष्टीवर आहे, आणि ती पुन्हा क्रियापदाचीच आहे. केक कापून झाल्यावर आपण काय करतो? बोला. भरवतो! “आईला भरव.” “आधी आजोबांना भरव रे.” “आता तू त्याला भरव.” हे ‘भरवणे’ कुठून आलं? ‘कापणे’ इंग्रजीतून आलं, ‘भरवणे’ आपलं आहे. आई बाळाला भरवते, चिऊचा घास, काऊचा घास. लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात. उष्टावणाला मामा भरवतो. आजारी माणसाला भरवतात. मराठीत भरवण्यात नेहमी एकाचं दुसऱ्याकडे लक्ष असतं. ज्याला भरवायचं त्याचं तोंड केवढं, त्याला गिळवेल ना, गरम तर नाही ना.

इंग्रजी रिवाजात तुकडे बशीत घालून प्रत्येकाच्या हाती देतात. आपल्याकडे पहिला तुकडा हातात घेऊन तो माणूस खोलीभर फिरतो. एकाला भरवतो, त्याच तुकड्याचा उरलेला भाग दुसऱ्याला, मग त्यातलाच थोडा तिसरा त्याला भरवतो. म्हणजे सरळ सरळ उष्टं. कोणाच्या हातचं खाल्लं यावरून १८९० साली ज्या समाजात ग्रामण्य झालं, त्याच समाजात आज एकाच्या हातचा उष्टा तुकडा वीस माणसं खातात. त्यात कोण कोणत्या जातीचं, कोण विधवा, कोण परधर्माचं, याची चौकशी त्या क्षणी तरी होत नाही. ऑफिसात साहेब शिपायाला भरवतो आणि शिपाई साहेबाला. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होतं, मला माहीत आहे. जातीवरून घर नाकारणारा माणूस आदल्या संध्याकाळी केक भरवताना दिसू शकतो. पण एखादी गोष्ट आधी हाताला सवयीची होते आणि मग मनाला पटते, असंही होतं. हात तर सुरू झाले आहेत.

तोंडाला केक फासणं म्हणजे काय, तेही मग कळतं. तो या भरवण्याचाच बिघाड आहे. तेच दोन हात, तोच तुकडा, तेच तोंड. फक्त समोरच्याकडचं लक्ष गेलं. म्हणून पोरांना ‘ही आपली संस्कृती नाही’ असं सांगून उपयोग नाही. त्यांना केक आपला वाटतो आणि तो आता आपला आहेच. त्यांना एवढंच विचारा, की तू त्याला भरवतोयस की फासतोयस? मराठी येणाऱ्या कुठल्याही पोराला या दोन शब्दांतला फरक कळतो.

आपण दरवेळी बाहेरून आलेल्या वस्तूला ‘घ्यायचं की हाकलायचं’ एवढाच प्रश्न विचारतो. भाषेने असं केलं नाही. तिने नाव परकं ठेवलं, एक क्रियापद उसनं घेतलं, म्हणी दिल्या नाहीत, देवघरात नेलं नाही. आणि मग हळूच त्याच्या जोडीला आपलं एक क्रियापद बसवून दिलं. ते क्रियापद सांभाळणं आपल्या हातात आहे. पुढच्या वाढदिवसाला जाल तेव्हा कापताना फोटो काढा हवं तर, पण भरवताना कोण कोणापर्यंत पोहोचतं आणि कोण दारातच उभं राहतं, तेवढं जरा बघा. दारात कुणी उभं असेल, तर पहिला तुकडा घेऊन तिकडे जा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.